गल्लीतला विसावा

सूप नेदाने केलं होतं ते खरं तर स्वतःपुरतंच. पण ओतताना तिचा हात थांबला आणि अर्धं तिने झाकणाच्या भांड्यात काढून फडक्यात बांधलं. तेता पेरिना अन्नाला शिवत नाही, असं सकाळी बेकरीत बायका बोलत होत्या, आणि नेदा पाव घेऊन तिथून जवळजवळ पळतच निघाली होती. आमच्या ब्रुझान गावात म्हातारं माणूस जेवेनासं झालं की शेजारणीनं भांडं घेऊन जायचं, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच की नेदाला त्या दारात जायची लाज वाटत होती, आणि लाज वाटत होती म्हणूनच ती गेली.

पेरिना दारात खुर्ची टाकून बसली होती. अंगात काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, पायात मात्र नवऱ्याच्या चपला. नवरा म्हणजे बार्बा फ्राने, जुना खलाशी; सगळं गाव त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणायचं, आणि तिला तेता, म्हणजे मावशी. तो जुलैत गेला. अजून उन्हाळाही सरला नव्हता.

"काय आणलंस?"

"सूप. खडकातल्या माशाचं. तुम्हाला आवडतं ना, तेता."

"मला कुठलं, त्याला आवडायचं. ठेव तिथं. मांजर खाईल."

"मांजरासाठी मी तासभर काटे काढत बसले होय?"

पेरिना एवढीशी हसली. मग भांड्याकडे न बघता म्हणाली, "काल परत वर गेले होते. कॉफी घेऊन. नाही आला."

वर म्हणजे विसाव्यावर. आम्ही ब्रुझानकर मूळचे डोंगरातले. समुद्रावर येऊन बंदर केलं, बोटी केल्या, पण मेलेल्यांची रीत डोंगरातलीच ठेवली. माणूस पुरतात दफनभूमीत, तिथं फारसं कुणी फिरकत नाही. चर्चमधून उचललेली शवपेटी खांद्यावरून पहिल्यांदा जिथं टेकते, तिथं जीव उतरतो आणि तिथंच राहतो. म्हणून ती जागा ठरलेली आहे, गावाबाहेर, समुद्र दिसणाऱ्या उतारावर. प्रत्येकाचा डोक्याशी एक दगड आणि पायाशी एक दगड. बोलायचं असेल तर तिथं जाऊन बसायचं, बोलायचं. उत्तर कानाला ऐकू येत नाही, पण समोर कुणी आहे की नाही हे माणसाला कळतं. ज्याचं स्वतःचं मरण जवळ आलं, त्याला मात्र मेलेले दिसतातही आणि ऐकूही येतात, असं म्हणतात. म्हणूनच पेटी वाटेत टेकवत नाहीत, आणि काही झालं तरी मागे फिरवत नाहीत.

"रुसलाय," पेरिना म्हणाली. "शेवटच्या दिवशी वाईन मागत होता. डॉक्टर नको म्हणाले होते, म्हणून मी पाणी दिलं. घोटभरच मागत होता गं, नेदा. घोटभर दिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? मरणारच होता की तो." तिने रुमालाचं टोक चुरगाळलं. "बसू दे रुसून. मी तरी आता किती दिवस? पण मी तिकडे गेल्यावरही तोंड फिरवून बसला, तर मी काय करायचं?"

 तो रुसलेला नाही, एवढंच नेदाला म्हणायचं होतं. तो वर पोचलाच नाही, तेता. तो खाली गल्लीत आहे, आणि माझ्यामुळे आहे. पण ती म्हणाली, "दोन घास खा हो," आणि तोंड लपवून निघाली.

नेदाचं काम म्हणजे गाव दाखवणं. मोठ्या बोटी धक्क्याला लागल्या की उतरणाऱ्या पाहुण्यांना ती पिवळी छत्री उंच धरून फिरवायची: चर्च, दोरखंडवाल्यांचा चौक, तटबंदी, समुद्रदरवाजा. तिच्या हातात छत्री आणि जिभेवर मध, असं बाकीचे गाईडच कौतुकानं म्हणायचे. आणि या फेरीत सगळ्यांना आवडायची ती चिंचोळी गल्ली. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात अशी. फोटो काढायला त्यांना तीच लागते.

आमच्या अंत्ययात्राही त्याच गल्लीतून जातात, कारण मेलेल्याला समुद्रदरवाजातूनच बाहेर न्यायचं असतं. हल्ली म्हणून अंत्ययात्रा संध्याकाळी काढतात, फेऱ्या आटोपल्यावर. असा अलिखित करार आहे आणि गाईड लोक तो पाळतात. फ्रानेच्या दिवशी बोट उशिरा लागली. नेदाचा गट मोठा होता, उन्हानं तापलेला होता, आणि चांगला गट होता. आधीच हसून-खिदळून खूश झालेला. घंटा वाजायला लागली तेव्हा ती चौकात होती. तिने ती ऐकली. हे नंतर ती स्वतःपासूनसुद्धा लपवू शकली नाही. घंटा ऐकून ती मनाशी म्हणाली, चर्चमधून निघायला वेळ लागतो, तेवढ्यात आपण पलीकडे जाऊ.

गल्लीच्या मध्यावर एका बाईनं खिडकीतल्या मांजरीचा फोटो काढायला सगळ्यांना थांबवलं. आणि नेदानं थांबू दिलं.

मग समोरून पेटी आली. चार खांदेकरी, त्यात पुढच्या डाव्या बाजूला नेदाचा सख्खा भाऊ व्हिन्को. मागे पाद्री आणि गावातले पुरुष. घरच्या बायका आमच्यात पेटीबरोबर जात नाहीत. खिडक्यांची दारं ओढून आत बसतात आणि विसाव्यावरची लहान घंटा वाजली की उघडतात. नेदाच्या पुढे पाहुणे, मागे पाहुणे, सगळे अडकलेले. नेदा त्यांना मागे जा, मागे जा सांगत होती, पण शेवटच्यांना काही ऐकू जात नव्हतं. पेटी मागे फिरवायची नाही. खांदेकरी उभे राहिले. दक्षिणेचा दमट वारा सुटला होता, घाम डोळ्यात जात होता, मागच्या बाजूचा म्हातारा लुका थरथरायला लागला. व्हिन्कोनं एकदा बहिणीकडे पाहिलं. मग त्यांनी पेटी खाली ठेवली.

पाहुणे बिचारे भले. टोप्या काढल्या, एकेरी रांग केली, भिंतीला पाठ घासत एकेक जण पेटीशेजारून निघून गेला. तोल जाऊ नये म्हणून काहींनी लाकडाला हात टेकवला. सगळ्यात शेवटी नेदा. तीही तशीच गेली, आणि जाताना तिच्या तोंडून निघालं, "सॉरी." आयुष्यभर ज्यानं तिला आपल्या बोलीत शिव्या घातल्या, सल्ले दिले, अंजिरं दिली, त्याला ती परक्या भाषेत सॉरी म्हणाली. खांदेकऱ्यांनी पेटी पुन्हा उचलली, वर नेली, ठरलेल्या जागी ठेवली, दगड रोवले, घंटा वाजवली. पेरिनानं घरी खिडक्या उघडल्या. तिला कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पाहुणे नीट चालेनात.

नेदा मुद्दाम काही बोलायची नाही. गप्पा मारत, आईस्क्रीम खात ते आत शिरायचे, आणि मध्यावर आल्यावर आपोआप गप्प व्हायचे, एकामागे एक व्हायचे, आणि भिंतीला पाठ लावून सरकत पुढे जायचे. समोर मोकळी फरसबंदी. एका डेन्मार्कच्या बाईनं तर कमरेच्या उंचीवर हवेत हात टेकवला आणि पुढे गेल्यावर तळहात हुंगला. "इथं सुतारकाम चालू आहे का?" तिनं विचारलं. नेदालाही तो वास यायचा. नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडाचा, मेणाचा. आणि वासाच्या खाली, अगदी खाली, श्वास. चढ चढून आलेलं माणूस टेकतं आणि दम खातं, तसा. तो दम काही केल्या पुरा व्हायचा नाही.

आणखी एक होतं, त्याचा अर्थ मात्र नेदाला तेव्हा लागला नाही. एकदा फेरीला जेमतेम सहा जण होते. दोन जोडपी, एक बाप, त्याची मुलगी. फेरी संपल्यावर त्या बापानं फोनवर अभिप्राय लिहिला: गाईड उत्तम, पण गट फार मोठा, गल्लीत चेंगराचेंगरी.

नेदा शेवटी व्हिन्कोकडे गेली. तो धक्क्यावर जाळं दुरुस्त करत होता.

"तिला सांगू या," ती म्हणाली.

"काय सांगू या?"

"तुला माहितीये काय ते. ती स्वतःला खातेय, व्हिन्को. वाईन दिली नाही म्हणून आला नाही, असं घेऊन बसलीय."

"आणि सांगून काय होईल? लुका म्हातारा आहे, त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि तुला कोण जवळ करेल? गाव छत्री मोडून हातात देईल तुझ्या." त्यानं सुईतला दोरा दातांनी तोडला. "अगं, उन्हाळ्यात होतं असं. माणसं दमतात. गर्दी असते. आपण काय मुद्दाम करतो?"

"होतं असं?"

व्हिन्को सुई ओवायला लागला. जाळ्याची भोकं चाचपत राहिला.

"आधीपण झालंय?"

"सोड ना, नेदा."

तिच्या मनात एक प्रश्न आला. तिची आई काही वर्षांपूर्वी गेली ती ऐन ऑगस्टात. बंदरात तीन-तीन बोटी लागलेल्या असताना. तिलाही व्हिन्कोनंच खांदा दिला होता, आणि नेदा घरात खिडक्या ओढून बसली होती. दर रविवारी ती आईच्या दगडांपाशी जाऊन बसते, आठवडाभराचं सगळं सांगते. समोर कुणी आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण आई जिवंत असतानाही कमीच बोलायची, बोलली तरी गावठी बोलीत दोन शब्द. टीव्हीवरची शुद्ध भाषा ऐकून तोंड वाकडं करायची. त्यामुळे नेदाला त्या गप्प बसण्यात वावगं वाटलं नव्हतं. प्रश्न ओठांपर्यंत आला. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, म्हणून तिनं तो गिळला.

"मी त्याला वर नेणार आहे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"फ्रानेला. मी अडवला, मी नेणार."

"वेडी झालीस," व्हिन्को म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

दुपारी जेवणानंतर आमचं गाव मरून पडतं. ऑगस्टमध्ये तर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पाहुणे बोटीवरच्या गार खोल्यांत, आम्ही ओढलेल्या खिडक्यांमागे. त्या वेळेला पेरिनाला दगडांपाशी जाऊन बसायला नेदानं सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. "एकदा माझं ऐका," एवढंच.

ती गल्लीत शिरली तेव्हा भिंती भट्टीच्या झाल्या होत्या. मध्यावर मात्र गार होतं. लाकडाचा वास. श्वास. नेदानं छत्री उघडून वर धरली, कारण नुसत्या हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"बार्बा फ्राने," ती आपल्या बोलीत म्हणाली. "चला. चुकलं माझं. चला, पेरिना वर वाट बघतेय."

काही हललं नाही. तिनं प्रार्थना म्हटली. रडली. त्याच्या बापाचं, आजाचं नाव घेऊन हाक मारली. श्वास तसाच, दमलेला, जागच्या जागी. मग तिला काय सुचलं कोण जाणे. घसा खाकरून ती पाहुण्यांच्या इंग्रजीत, रोजच्या ठसक्यात म्हणाली, "कृपया सगळ्यांनी माझ्या मागे या. एकत्र राहा."

वास हलला.

ती चालायला लागली. गल्लीतून बाहेर, उन्हात. मागे चपलांचा आवाज नाही, काही नाही, फक्त तो श्वास आणि मानेवर गारवा. चौकात ती न थांबता पुढे जायला लागली तशी मागचा गारवा गेला. वळून बघते तर मोकळा, पांढरा, चटचटणारा चौक. मग तिला कळलं. ती परत चौकाच्या मधोमध आली, छत्री वर केली आणि दोरखंडवाल्यांची गोष्ट सांगायला लागली. कोरड्या घशानं, रिकाम्या चौकाला, परक्या भाषेत. गोष्ट संपली आणि गारवा मानेवर परत आला.

अशी ती अख्खी फेरी तिला करावी लागली. तटबंदीपाशी सांगायचं ते तटबंदीपाशी, विहिरीपाशी सांगायचं ते विहिरीपाशी. हसवायच्या जागाही तिनं सोडल्या नाहीत, सोडायची छाती झाली नाही. एका घराची खिडकी किलकिली झाली, आतल्या डोळ्यांनी तिला एकटीला हातवारे करताना पाहिलं आणि खिडकी घाईनं बंद झाली. समुद्रदरवाजाखाली एक म्हातारं कुत्रं झोपलेलं असतं; बोटीवरची दोनशे माणसं आली तरी उठत नाही. ते उठलं. नेदा पुढे गेली तरी ते भिंतीशी अंग चोरून उभंच होतं, आणि बराच वेळ उभं राहिलं.

चढ लागला. छत्रीचा हात भरून आला होता. वर दगडांच्या रांगा, सुकलेलं गवत, खाली समुद्र. पेरिना फ्रानेच्या पायाकडच्या दगडावर बसली होती, शेजारी बाटली आणि पेला. या वेळी कॉफी नव्हती आणली तिनं.

नेदा येऊन थांबली. बोलायला दम नव्हता.

पेरिना उठली. तिचा चेहरा बघितला आणि नेदाला समजलं की तो पोचला. म्हातारीनं पेला भरला, डोक्याकडच्या दगडावर ओतला, आणि नवऱ्याशी भांडायला लागली. कुठं होतास, किती वाट बघायची माणसानं, आता पी बाबा, पोटभर पी. मग हळूच हसली. मग डोळे पुसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा नेदाच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"तेता," ती म्हणाली, "तो रुसला नव्हता. माझ्यामुळे..."

"माहितीये. आत्ता सांगितलं त्यानं." पेरिना तिच्याकडे रागानं बघत नव्हती. ती तिच्या मागे बघत होती. "नेदा, एवढे सगळे कशाला आणलेस?"

नेदानं छत्री मिटायला हात वर नेला होता.

"मिटू नकोस," पेरिना घाईनं म्हणाली. "इथंच संपलं असं वाटेल त्यांना. मग इथंच राहतील, दुसऱ्याच्या दगडावर."

नेदा वळली. पायवाट, गवत, ऊन. कुणी नाही.

"कोण आहे, तेता?"

"कोण म्हणजे, आपलेच. झ्वाने चांभार आहे. पाव भाजणारी काता आहे. मास्तर आहेत..." पेरिना डोळ्यांवर हात धरून रांगेच्या शेवटाकडे बघत होती, आणि रांग बरीच लांब असावी. एकेक नाव घेताना तिचा आवाज खाली खाली गेला. "सगळे उन्हाळ्यात गेलेले गं."

नेदानं छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.  आता प्रश्न गिळता येण्यासारखा नव्हता, पण तो तिला विचारावा लागलाच नाही.

"तुझी आईपण आहे," पेरिना म्हणाली. "सगळ्यात मागे."

खाली बंदरात एका बोटीनं भोंगा दिला. वाऱ्यावर गवत हललं आणि थांबलं.

"मला बघतेय का ती?" नेदानं कसंबसं विचारलं. "तेता... काही म्हणतेय का?"

"ओठ हलतायत." पेरिनानं मान पुढे केली, कान दिला. बराच वेळ ऐकत राहिली, आणि तिच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. "तुझ्याकडे नाही बघत. छत्रीकडे बघतेय. आणि सारखं काहीतरी म्हणतेय, पाठ केल्यासारखं. एका जागी थांबते, हसते, परत सुरू करते." तिनं नेदाकडे पाहिलं. "मला नाही कळत काय ते. आपल्या बोलीत नाही. नेदा, तुझ्या आईला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"